शिक्षण केमिस्ट्रीचं, ओढ पाणी-स्वच्छतेच्या कामाची

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. (केमिस्ट्री) करून वर्षभर एका खासगी लॅबमध्ये नोकरी करतेय. मला वस्त्यांमधल्या पाणी-स्वच्छतेच्या कामात, एखाद्या संस्थेत जायचंय. बाबा म्हणतात, "संडास मोजत फिरायला शिकवलं का तुला?" एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) नसताना घेतील का? माझ्या केमिस्ट्रीचा काही उपयोग होईल का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : केमिस्ट्रीचा उपयोग भरपूर होईल, म्हणून आधी तेच सांगते. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळेलाच येतं. चावीवाला व्हॉल्व फिरवतो, काही तास नळ चालतो, मग लाइन रिकामी. वस्त्यांमधल्या जोडण्या बऱ्याचदा गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेल्या असतात. रिकाम्या पाइपला चीर असली की बाहेरची घाण आत शिरते. प्रेशर नाही म्हणून कुणी नळाला थेट मोटर लावली, तर ती घाण आणखी जोरात ओढली जाते. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून चांगलं निघालेलं पाणी गल्लीच्या टोकाला पोरांना जुलाब लावतं ते असं. गोवंडीच्या बायका पहिली कळशी मोरीत ओततात आणि प्यायचं पाणी नंतर भरतात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही, पण शास्त्र बरोबर आहे.

इथे नळापाशी उभं राहून, जंतू मारायला पाण्यात घातलेल्यापैकी उरलेलं क्लोरीन मोजणारं माणूस लागतं. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, आणि जागेवरच मोजायला हवं. लॅबमध्ये पोचेपर्यंत ते कमी झालेलं असतं. जिवाणू-तपासणीच्या बाटलीत थायोसल्फेट (क्लोरीन निकामी करणारं रसायन) नसेल, तर तेच क्लोरीन वाटेत जिवाणू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. नमुना घेणाऱ्याला हे ठाऊक नसल्याने वाया गेलेले नमुने मी पाहिले आहेत. तुझ्यासारखी मुलगी तिथे हवी आहे.

आता संडास मोजण्याबद्दल. मोजावे लागतातच, आणि ते मानाचं काम आहे. किती सीट आहेत, त्यातल्या किती चालू, किती बायकांसाठी, रात्री दिवा असतो का, कडी लागते का, पॅड टाकायला डबा आहे का, टाकी शेवटची कधी उपसली, पाण्याचं आणि विजेचं बिल कोण भरतं. मुंबईत वस्ती शौचालयं बांधून मंडळांच्या हाती देण्याचे प्रयोग १९९० च्या दशकापासून झाले. माझ्या अनुभवात बांधकाम त्यातल्या त्यात सोपं, खरी परीक्षा चालवण्याची. मासिक पासाचे पैसे जमले नाहीत की वीज तुटते, मग पंप बंद, मग पाणी नाही. त्याचा पहिला त्रास बायकांना. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, याविरुद्ध २०११ मध्ये मुंबईतल्या संघटनांनी 'राइट टू पी' मोहीम उभारली, तीही अशाच नोंदींच्या जोरावर. अनधिकृत वस्तीतल्या माणसांनाही पाणी मिळालं पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं. बाबांना हा निकाल वाचायला दे.

एमएसडब्ल्यू सक्तीचं नाही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पाण्याच्या धोरणावरचं शिक्षण मिळतं. यंदा कोणते अभ्यासक्रम चालू आहेत ते आधी बघ. पण मी तुझ्या जागी असते, तर दोन वर्षं काम करून मग शिकले असते. वस्तीत फिरल्यावर कळतं आपल्याला काय येत नाही. हिशेब वाचायला शिक. वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहून पोच घ्यायला शिक. आणि एक गोष्ट कधीही करू नकोस : तुंबलेल्या टाकीत किंवा गटारात माणूस उतरवायला मान्यता देणं. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय तसं करायला लावणं गुन्हा आहे. घाई कितीही असो, मशीन येईपर्यंत थांबायचं.

पगार सुरुवातीला लॅबपेक्षा कमी असू शकतो. करार बहुधा प्रकल्पाच्या मुदतीइतकाच असतो, म्हणून मुलाखतीत तूही विचार : निधी कधीपर्यंतचा आहे, प्रवासखर्च आणि विमा मिळतो का, आणि प्रकल्प संपल्यावर वस्तीतल्या कामाची जबाबदारी कुणाची. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर देणारी संस्था निवड, दोन हजार कमी देत असली तरी.