सगळेच रन एका पेसने का पळताय?

दिवाळी संपली की जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारचे वेध लागतात, मुंबई मॅरेथॉनचे, आणि मग तुमच्या प्रश्नांचा ढीग येतो. यावेळी शूज, एनर्जी जेल (पळताना खायची गोड पेस्ट), गुडघे सगळंच आहे त्यात, पण निम्म्याहून जास्त जणांनी फिरून फिरून एकच विचारलंय की प्रॅक्टिसला नेमकं किती जोरात पळायचं. म्हणून हा अख्खा कॉलम पेसवरच, म्हणजे एका किमीला किती मिनिटं लागतात त्यावरच घेतेय, बाकीचं पुढच्या अंकात.

प्रश्न: ताई नमस्कार. वय ४१, डोंबिवली. हाफ मॅरेथॉन (२१ किमी) २ तास १० मिनिटांत झालीय, आता जानेवारीत पहिली फुल (४२ किमी), टार्गेट साडेचार तास. आठवड्यातून चार दिवस पळतो, साधारण ४५ किमी होतात. आमचा ग्रुप रोज ६ च्या पेसने जातो, मीपण त्यांच्याबरोबरच. रविवारी २८ चा लाँग रन केला, पहिले १५ किमी ६:१० ने मस्त गेले आणि शेवटचे ८ अर्धे चालत, अर्धे फरफटत. पोटऱ्या कायम दुखतात. अजून जोर वाढवायला हवा का?

उत्तर: दादा, जोर वाढवायचा नाहीये, कमी करायचाय, आणि बराच कमी करायचाय. तुमच्याच आकड्यांकडे बघा. साडेचार तासात फुल म्हणजे ६:२४ चा पेस. तुमची हाफ ६:१० ने झाली. आणि रोजचा साधा रन तुम्ही ६:०० ने मारताय, म्हणजे ऑफिसच्या आधी, झोप अर्धवट असताना, तुम्ही रोज स्वतःच्या हाफच्या रेसपेक्षा जोरात पळताय! आणि रविवारी शेवटी चाल. ज्या पेसने तुम्हाला जानेवारीत ४२ किमी जायचंय त्याचा सराव आठवड्यात कुठेच नाही, एकतर त्याच्या पुढे नाहीतर त्याच्या खूप मागे. पोटऱ्या दुखणारच, त्यांना सावरायला एक तरी हळू रन दिलाय का तुम्ही.

इझी रन, म्हणजे निवांत पळणं, हा टाइमपास नसतो हे मी प्रत्येक बॅचला सांगते तरी कोणाला पटत नाही, म्हणून नीट सांगते. हळू पळताना शरीर चरबी जास्त वापरतं, स्नायूंमधे बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा बनवायची यंत्रणा वाढते, आणि ही कामं तासन्‌तास हळू पळूनच चांगली होतात. हे का लागतं, तर स्नायू आणि लिव्हर मिळून साठवलेली साखर फार फार तर २००० कॅलरीपर्यंत पुरते. पळायला अंदाजे वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला एक कॅलरी लागते, म्हणजे ७० किलोच्या माणसाला फुलसाठी २९०० च्या वर. मधली तूट चरबीने आणि वाटेतल्या जेलने भरून काढायची असते. जोरात सुरुवात केली की साखर भसाभस जळते आणि तिसाव्या किमीच्या आसपास टाकी रिकामी. तुमचा परवाचा २८ अगदी असाच गेलाय, तुम्ही त्याला स्टॅमिना कमी पडला म्हणताय एवढंच.

स्टीफन सायलर नावाचे संशोधक आहेत, त्यांनी जगातल्या टॉपच्या धावपटूंचं, रोइंगवाल्यांचं, स्कीइंगवाल्यांचं ट्रेनिंग तपासलं तर सरावाची दहातली आठ सेशन्स निवांत होती आणि उरलेली दोन खरोखर कडक. आपण नेमकं उलटं करतो, आपले दहाच्या दहा रन मधल्याच पेसने, ना धड हळू ना धड फास्ट, दमायला पुरेसे आणि सुधारायला अपुरे.

आता स्पष्टच सांगते, पहिल्या फुलला साडेचारचं टार्गेट तुम्हाला जड जाईल. रीगेलच्या सूत्राने, म्हणजे एका अंतराच्या टाइमवरून दुसऱ्याचा अंदाज काढायच्या हिशोबाने, २:१० हाफवरून ४:३१ येतात हे खरं, पण ते सूत्र आठवड्याला भरपूर किमी पळणाऱ्यांना बरोबर लागू पडतं, आठवड्याला ४५ किमी वाल्यांचा टाइम बहुतेक वेळा त्याच्या मागेच येतो. ४:४५ धरा, म्हणजे ६:४५ चा पेस. मग आठवडा असा: मंगळवार आणि शनिवार निव्वळ इझी, ७:२० ते ७:४०, घड्याळ शर्टाच्या बाहीखाली. गुरुवारी कडक, दोन किमी वॉर्मअप मग २ किमीचे तीन तुकडे ५:५०–५:५५ ने, मधे तीन मिनिटं हळू जॉग. आणि रविवारी लाँग रन ७:३० च्या आसपास, एक आठवड्याआड त्यातच मॅरेथॉन पेस घालायचा, उदाहरणार्थ २८ मधले पहिले १८ निवांत, पुढचे ८ किमी ६:४५ ने, शेवटचे २ परत हळू. ते ८ किमी थकलेल्या पायांवर करायचेत, ताज्या पायांवर ६:४५ कोणीही पळेल. रेसच्या आधीचे तीन रविवार मात्र अंतर उतरवत न्यायचं, तेव्हा उगाच अजून एक ३० मारायला जाऊ नका.

इझी खरंच इझी आहे का हे कळायला सोपी टेस्ट, पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, असं दाही दहा पर्यंत न धापता म्हणता आलं तर पेस बरोबर. सतरा चोक अडुसष्टलाच श्वास घ्यायला थांबलात तर लगेच हळू व्हा, मग घड्याळात काहीही दिसूदे.

राहिला ग्रुप. मला माहितेय खरी अडचण तिथेच आहे. एकटं मागे राहिलं की कसंतरी होतं, स्ट्रावा ॲपवर ७:३० दिसलं की कोणीतरी "काय रे, बरं नाही का" विचारतंच. ग्रुप सोडू नका. वॉर्मअप त्यांच्याबरोबर करा, चहा त्यांच्याबरोबर घ्या, मधलं पळणं तुमचं तुम्ही करा. आणि गंमत सांगू, एक जण हिमतीने हळू पळायला लागला ना की दोन आठवड्यात अजून तिघं त्याच्याबरोबर मागे येतात, कारण त्यांच्याही पोटऱ्या दुखत असतात, फक्त बोलत नसतात. शिकागो मॅरेथॉनला २०२३ मधे केनियाचा केल्विन किपटम २:००:३५ मधे पळाला, त्यात पहिला अर्धा भाग ६०:४८ आणि दुसरा ५९:४७. जो माणूस २:५१ च्या पेसने ४२ किमी गेला तोसुद्धा सुरुवातीला हात राखून पळाला, मग आपल्याला कसली घाई आहे.

प्रश्न: ताई, मी पुण्याहून, वय ५२, बँकेत आहे. पळायला लागून दुसरं वर्ष, हाफ दोन झाल्या. घड्याळ सांगतं की माझे सगळेच रन झोन चार-पाच मधे (हार्ट रेटच्या पाच पायऱ्यांतल्या वरच्या दोन), हार्ट रेट १६५ च्या वर. हार्ट रेट खाली आणायचा तर चालावंच लागतं, आणि ग्रुपमधले म्हणतात चाललं तर ती मॅरेथॉन कसली. फुलचा विचारच सोडून देऊ का?

उत्तर: अजिबात सोडू नका ताई. आधी त्या १६५ चं बघू. घड्याळातले झोन बहुतेक वेळा २२० वजा वय या हिशोबाने आपोआप लागलेले असतात, म्हणजे तुमच्यासाठी कमाल १६८. पण हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोके इकडे तिकडे सहज असतात. दुसरं म्हणजे मनगटावरचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतो, आणि आपली पावलं मिनिटाला १६० ते १७० च पडतात, त्यामुळे आरामात गप्पा मारत पळणाऱ्या बाईच्या घड्याळात १६५ दिसू शकतं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट बांधून बघा, कोणाचा तरी छातीचा पट्टा एक दिवस मागून घ्या आणि दोन्ही आकडे ताडून बघा. खरंच १६५ असेल आणि बोलताही येत नसेल तर पेस जास्त आहे. छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर मात्र पळणं थांबवून आधी डॉक्टर, आणि तसंही पहिल्या फुलच्या आधी एकदा तपासणी करून घ्याच.

आता चालण्याबद्दल, आणि हे मी अगदी मनापासून सांगते. चालणं हा कमीपणा नाही, ती पेसिंगची पद्धत आहे. जेफ गॅलोवे हा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला दहा हजार मीटर पळालेला माणूस, त्याने पळा-चाला-पळा ही पद्धत जगभर नेली. त्यातली मेख एवढीच की चालायचं ते दमल्यावर नाही, पहिल्या किलोमीटरपासून. चार मिनिटं पळा, एक मिनिट झपझप चाला, घड्याळाला बझर लावून ठेवा. पळताना ७:३० आणि चालताना १०:३० धरलं तरी सरासरी ७:५७ येते, म्हणजे पूर्ण ४२ किमी ५ तास ३६ मिनिटांत. ग्रुपमधले जे सगळं पळूनच करणार म्हणताहेत ना, त्यातले बरेच जण पस्तिसाव्याला कंबरेवर हात ठेवून चालताना दिसतील आणि तुमचा बझर तेव्हाही वाजत असेल.

चढावर तर बिनधास्त चाला, वेताळ टेकडीवर सराव करत असाल तर वर जाताना चाल आणि माथ्यावरच्या सपाट वाटेवर पळणं, हा तुमच्यासाठी उत्तम इझी रन आहे. लाँग रन साडेतीन तासाच्या वर नेऊ नका, त्यात २६ झाले तर २६. नेटवरच्या प्लॅनमधे ३२ लिहिलंय म्हणून सव्वाचार तास रस्त्यावर राहिलात तर पुढचा आख्खा आठवडा सावरण्यात जातो, आणि बँक आहे, घर आहे, तेही धरायला हवं ना.

प्रश्न: कोल्हापूर. सातारा हिल हाफ मॅरेथॉन करायचीय पुढच्या वर्षी. सपाटीवर माझा पेस ६ आहे, यवतेश्वरच्या घाटात तो कसा टिकवायचा?

उत्तर: टिकवायचाच नाही! घाटात पेस हा शब्दच विसरा, सपाटीवर जेवढा दम लागतो तेवढाच चढावर लागला पाहिजे, घड्याळात ७ येवो नाहीतर ८. सुरुवातीला शहरातून बाहेर पडताना सगळे सुसाट असतात, त्यांच्या नादी लागलात की पुढचा घाट तुम्हाला सोडणार नाही. पावलं छोटी, नजर दहा-पंधरा मीटर पुढे, हात चालू.

पण मला तुमच्या उताराची जास्त काळजी आहे. लोकांना वाटतं वर पोचलो की झालं, खाली फुकट. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, त्यांची खरी झीज तिथे होते, आणि दोन दिवसांनी जिना उतरताना कळतं. तुमच्या हाताशी पन्हाळ्याचा घाट आहे, दोन आठवड्यांतून एकदा तिथे जा, चढताना निवांत आणि उतरताना सावकाश दोन-तीन किमी पळत या, मग हळूहळू वाढवा. मांड्यांना आधीच सवय झाली की त्याचा फायदा बरेच आठवडे टिकतो.

प्रश्न: ठाण्याहून लिहितोय. ऑक्टोबरात माझा पेस चक्क ४० सेकंदांनी पडला, तेवढाच दम लागून. फिटनेस गेला का? आणि रेसला ५ तासाच्या पेसरबरोबर (ठरलेल्या टाइमला सगळ्यांना घेऊन जाणारा धावपटू) जाऊ का, मागच्या वेळी घड्याळ आणि रस्त्यावरचे किमीचे बोर्ड जुळतच नव्हते.

उत्तर: फिटनेस कुठे जात नाही हो, ऑक्टोबर हीट आहे ती. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याचं कमी होतं, घामाने पाणी जातं आणि त्याच पेसला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. आपल्याकडे दमटपणा एवढा की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो, त्यामुळे थंडावाही मिळत नाही. त्या महिन्यात दमावर पळायचं, पेसवर नाही. डिसेंबरच्या पहाटे तेच पाय तेच अंतर आपोआप लवकर कापतील. रेसच्या दिवशी मात्र लक्षात ठेवा, सुरुवात पहाटेच्या अंधारात असली तरी पाच तासवाल्यांचे शेवटचे दहा किमी चांगल्या उन्हात होतात, म्हणून सकाळच्या गारव्यात हात मोकळा सोडायचा नाही.

पेसरची बस, म्हणजे त्याच्याबरोबर पळणारा घोळका, चांगली, पण पहिल्या दोन किमीत तिच्यात घुसायची धडपड करू नका, तिथे गर्दीत डावीउजवीकडे करण्यातच दम जातो. पाच किमीपर्यंत हळूहळू गाठा. आणि स्टार्टलाच पेसरला विचारून घ्या की तो सरळ एकाच पेसने नेणार आहे का पाणी घेताना चालणार आहे.

घड्याळाचं कारण साधं आहे, उंच इमारतींमधे आणि पुलांखाली सिग्नल हलतो आणि वळणावर आपण मोजलेल्या रेषेच्या बाहेरून पळतो, त्यामुळे शेवटी घड्याळात ४२.२ ऐवजी ४२.६, ४२.७ असं काहीतरी येतं. पाच तासाला बोर्डांप्रमाणे ७:०६ चा पेस लागतो, पण तुमचं घड्याळ ४२.७ दाखवणार असेल तर त्यात ७:०१ दिसायला हवं. म्हणून ऑटो लॅप (घड्याळ दर किमीला आपोआप टाइम नोंदवतं ते) बंद करा आणि बोर्ड दिसला की स्वतः बटण दाबा. हातावर चार टाइम लिहून घ्या: १० किमी १:११, हाफ २:३०, ३० किमी ३:३३, ३५ किमी ४:०८. दहाला १:०७ दिसलं तर खूश होऊ नका, पुढचे दोन किमी मुद्दाम हळू घ्या. आणि पेनने लिहू नका, घामाने जातं, परमनंट मार्कर वापरा आणि आदल्या रात्रीच लिहून टाका.