लघुग्रह पृथ्वीवर येतोय हे आधी कळतं का? आणि त्याला अडवता येतं का?

मोठा असेल तर बहुधा कळतं, छोट्याची खात्री नाही. दुर्बिणी आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घेतात. तारे जागच्या जागी असतात, एखादा ठिपका मात्र सरकलेला दिसतो. तोच लघुग्रह.

खरी अडचण सूर्याच्या बाजूने येणाऱ्यांची, कारण त्याच्या उजेडात ते दुर्बिणींना दिसत नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर जेमतेम २० मीटरचा दगड असाच कुणाला न कळता आला आणि हवेतच फुटला. लखलखाट कसला म्हणून लोक खिडक्यांशी गेले. थोड्या वेळाने धक्का पोचला आणि काचा अंगावर आल्या. सुमारे १,५०० जण जखमी झाले. असा उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हायचं, हे मुलांनाही सांगून ठेवा.

अडवण्याचं म्हणाल, तर २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डार्ट यान सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी साधारण ३२ मिनिटांनी कमी झाली. म्हणजे ढकलता येतं! पण असा धक्का बारीक, तो कित्येक वर्षं आधी द्यावा लागतो. म्हणून माझ्या मते पैसा आधी शोधावर लागला पाहिजे, विशेषतः अवकाशातल्या इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणींवर.