युद्धात ४५ डॉलरला पडलेली टॉमी गन अमेरिकेत २५ हजार डॉलरला विकली जाते, हे खरं आहे का? आणि घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की टेक्ससला राहणाऱ्या भावाने एका लिलावाच्या कॅटलॉगचा फोटो पाठवला, त्यात दुसऱ्या महायुद्धातली टॉमी गन, म्हणजे थॉम्प्सन सबमशीनगन, २५ हजार डॉलरला दाखवलीय, युद्धात सरकारला तीच ४५ डॉलरला पडायची असं तुम्ही कुठेतरी वाचलंय, तर हा आकडा फुगवलेला आहे का आणि भावाने गुंतवणूक म्हणून घ्यावी का.

दोन्ही आकडे खरे आहेत. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, माझ्याकडे सॅव्हेज कंपनीने बनवलेली एम-वन-ए-वन (युद्धकाळातलं सोपं केलेलं मॉडेल) थॉम्प्सन आहे, २०१२ साली सोळा हजारांना घेतली होती तेव्हा बायकोने दोन दिवस नीट बोलणं टाकलं होतं, आज तसल्याच गनचे सौदे २० ते ३० हजारांच्या दरम्यान होताना मी बघतोय.

पण ही किंमत लोखंडाची नाहीये हो. बंदूक म्हणून बघितलं तर थॉम्प्सन दुर्मिळ अजिबात नाही, सगळी मॉडेल्स धरून पंधरा लाखांच्या वर बनल्या. १९३९ मध्ये सरकारला एक २०९ डॉलरला पडायची, मग डिझाइन सोपं करत करत १९४४ पर्यंत ४५ वर आणली. जर्मन एमपी-४० दहा लाखांच्या आसपास बनल्या आणि ब्रिटिश स्टेनगन तर चाळीस लाख, तीही नगाला दोन-अडीच पौंडांत. महाग आहे तो त्या बंदुकीबरोबर येणारा सरकारी कागद, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाजारातल्या सगळ्या किमतींचा हिशोब आपोआप लागतो.

झालं असं की १९३४ मध्ये इथे नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आला, मशीनगनवर बंदी नाही घातली पण प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर लावला आणि नोंदणी सक्तीची केली, तेव्हा नवी कोरी थॉम्प्सनच पावणेदोनशे डॉलरला मिळायची म्हणजे कर बंदुकीपेक्षा जास्त. गंमत म्हणजे तो कर आजही २०० च आहे, महागाईनुसार वाढवलाच नाही. मग १९६८ मध्ये बाहेरून मशीनगन आयात करून सामान्य माणसाला विकणं बंद झालं, आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर अशी एक महिन्याची माफी दिली, की ज्यांच्याकडे नोंद नसलेली गन असेल त्यांनी येऊन नोंदवा, प्रश्न विचारणार नाही. युद्धावरून सैनिकांनी आणलेल्या कितीतरी एमपी-४० त्या तीस दिवसांत कागदावर आल्या. आणि शेवटी १९ मे १९८६, राष्ट्राध्यक्ष रीगननी एका कायद्यावर सही केली आणि त्यातल्या एका दुरुस्तीने सामान्य नागरिकासाठी नवीन मशीनगन नोंदवणं कायमचं बंद. त्या दिवशी जेवढ्या यादीत होत्या तेवढ्याच. देशभरात सामान्य माणसाला विकता येतील अशा सगळ्या जातीच्या मिळून सुमारे १,७५,००० आहेत, त्यात महायुद्धातल्या किती थोड्या असतील बघा, आणि दरवर्षी घेणारे वाढतातच.

आता भाव. मी सांगतोय ते साधारण पट्टे आहेत, नगागणिक फरक पडतो. स्टेनगन सगळ्यात स्वस्त, आठ ते बारा हजार, कारण इथल्या बहुतेक स्टेन या १९८६ च्या आधी लायसन्सवाल्या कारागिरांनी जुन्या सुट्या भागांना नळीसारखा नवा सांगाडा लावून बनवलेल्या आहेत, त्यांना इथे ट्यूब गन म्हणतात, युद्धातली अस्सल स्टेन मिळाली तर भाव बराच वर. (आपल्याकडे पेपरात ‘स्टेनगनधारी पोलीस’ असं वर्षानुवर्षं छापून यायचं त्यामुळे मराठी माणसाला हे नाव घरचं वाटतं, मीही या नादाला लागलो तो त्याच नावामुळे.) अस्सल एमपी-४० साधारण २५ ते ३५ हजार. थॉम्प्सनमध्ये युद्धकाळातली एम-वन-ए-वन तुमच्या फोटोतल्या भावात, एकोणीसशे अठ्ठावीसचं मॉडेल त्याच्या वर, आणि कोल्टने १९२१-२२ मध्ये बनवलेली ती पंधरा हजारांची पहिली खेप असेल तर चाळीस हजारांच्या वर सुद्धा लोक उभे असतात. उलट न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट हर्ली गावात सत्तरच्या दशकापासून बनलेल्या थॉम्प्सन दिसायला तशाच पण युद्धाशी काही संबंध नाही म्हणून स्वस्त. फोटोत ओळखू येत नाही, रिसीव्हरवर म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर काय कोरलंय ते वाचावं लागतं, त्यामुळे भावाला म्हणावं आधी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे क्लोजअप मागव.

जाणकार काय बघतात? माझी घेताना मी एका म्हाताऱ्या संग्राहकाला बरोबर नेलं होतं, त्याने गन हातात घेतली आणि सगळ्यात पहिली गोष्ट केली ती म्हणजे वरचा रिसीव्हर आणि खालची फ्रेम यांचे नंबर ताडून बघितले. फॅक्टरीतून निघताना दोन्हीवर एकच नंबर असायचा पण लष्कराच्या वर्कशॉपमध्ये डझनाने खोलून साफ करून परत जोडताना सरमिसळ झाली, त्यामुळे नंबर जुळणारी मिळणं कठीण. माझी जुळत नाही, म्हणून तर सोळाला मिळाली. मग त्याने फिनिश बघितलं, मूळचं काळसर निळं आहे की नंतर दुरुस्ती करताना दिलेलं करडं पार्कराइझिंग (गंज रोखणारा थर). मग एका कडेवरून नख फिरवत वेल्डिंगची रेघ शोधली. ही रेघ म्हणजे मोठा मुद्दा, कारण युद्धानंतर काही वर्षं सरकारने सैनिकांना नळी वेल्ड करून निकामी केलेली गन स्मरणिका म्हणून ठेवू दिली होती, पुढे त्यातल्या काही रीतसर कर भरून पुन्हा चालू केल्या, आणि काम कसं केलंय त्यावर हजारोंचा फरक पडतो. एमपी-४० मध्ये तर कारखान्याचे कोड असतात, एर्माचा एवायएफ, स्टायरचा बीएनझेड, हेनेलचा एफएक्सओ, शिवाय छोट्या छोट्या भागांवर सुद्धा नंबर आणि गरुडाचे शिक्के, एक बोल्ट दुसऱ्या गनचा निघाला तरी भाव खाली येतो. आणि कोणी तुम्हाला ती ‘श्मायसर’ म्हणून विकायला लागला तर समजा याचा अभ्यास कच्चा आहे, ती डिझाइन ह्यूगो श्मायसरची नाहीच, एर्मामधल्या फोल्मरची.

अजून एक फसण्याची जागा. जाहिरातीत ‘प्री-मे सॅम्पल’ लिहिलं असेल तर ती १९६८ नंतर डीलरांसाठी आयात केलेली असते, साध्या माणसाला घेताच येत नाही, म्हणून ती पुष्कळ कमी किमतीत दिसते आणि लोकांना वाटतं लॉटरी लागली. ‘पूर्ण ट्रान्सफरेबल’, म्हणजे सामान्य माणसाच्या नावावर होऊ शकणारी, हा शब्द हवाच.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. २०१६ साली आमच्या शेजारच्या आजी, नव्वदीच्या, त्यांचे मिस्टर युरोपात लढून आलेले, ते गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. कपाटात वर करड्या लष्करी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एमपी-४०, दांडा दुमडलेला, आत अजून तेलाचा वास. बीएनझेड कोड, आणि बघितलेले सगळे नंबर जुळत होते. मी आयुष्यात इतकी चांगली एमपी-४० हातात धरली नव्हती. आजींनी बरोबर एक चार घड्या घातलेला पिवळा कागद दिला, कमांडिंग ऑफिसरच्या सहीचा, की अमुक सैनिकाला ही शत्रूची वस्तू घरी नेण्याची परवानगी आहे. सत्तर वर्षं त्या घराला वाटत होतं की हेच लायसन्स. ते नव्हतं. तो सैन्याचा कागद, नोंदणी तेव्हा ट्रेझरीकडे म्हणजे अर्थखात्याकडे करायची असायची आणि ती १९६८ च्या त्या महिन्यात करायची राहून गेली होती. मी तरी आशा सोडली नाही, कारण कधीकधी घरचा फॉर्म हरवलेला असतो पण सरकारी यादीत नाव असतं, वारसाच्या वकिलाला तिथे विचारता येतं आणि नाव निघालं तर वारसाला कर न भरता फॉर्म पाचवर ती मिळते. वकिलामार्फत चौकशी केली, पाच आठवडे वाट बघितली. यादीत नव्हती.

म्हणजे तीस हजारांची वस्तू एका दिवसात बेकायदा माल. ठेवली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग, विकायचा प्रश्नच नाही, आता नोंदवायची सोय नाही. सरकारी पोलीस खात्याला मात्र अशी गन स्वतःच्या नावावर नोंदवता येते, तेवढा एक रस्ता होता ज्याने ती गॅस कटरखाली जायची वाचली असती. मी चार ठिकाणी फोन केले, एका छोट्या गावच्या पोलिसांनी हो म्हटलं आणि वकिलाच्या समोर येऊन ती घेऊन गेले. आजींना एक डॉलर मिळाला नाही, पण ती अख्खी राहिली एवढ्यावर त्या समाधानी होत्या, मी मात्र आठवडाभर नीट झोपलो नाही.

म्हणून तुमच्या भावाला सांगा, विक्रेत्याकडे नोंदणीचा फॉर्म बघायला माग आणि त्यावरचा नंबर, मॉडेल, कॅलिबर, नळीची लांबी हे सगळं प्रत्यक्ष गनशी ताड. ‘कागद घरी आहेत, नंतर पाठवतो’ म्हणाला तर तिथून उठ. खरेदी फॉर्म चारवर होते, बोटांचे ठसे, फोटो, २०० डॉलर, मंजुरी येईपर्यंत गन डीलरकडेच, पूर्वी आठ-दहा महिने जायचे आता ऑनलाइन अर्जामुळे लवकर होतं. टेक्ससमध्ये चालतं, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्नियात नाही, म्हणजे उद्या नोकरी बदलून न्यू जर्सीला जायची शक्यता असेल तर आत्ताच विचार करावा. आणि हे आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं, भाऊ एच-वन-बी वर असेल तर नादच सोडा, त्या व्हिसावर अपवाद सोडले तर साधं पिस्तूल जवळ ठेवणंही फेडरल गुन्हा आहे, ग्रीन कार्ड झाल्यावर बघावं. भारतात आणायचं तर मनातही आणू नका, १९५९ च्या शस्त्र कायद्यात स्वयंचलित म्हणजे प्रतिबंधित शस्त्र, सामान्य माणसाला लायसन्स मिळत नाही.

गुंतवणूक म्हणाल तर आजवर भाव चढेच राहिलेत, पण हा सगळा भाव एका कायद्यावर उभा आहे, तो कायदा उद्या सैल झाला तर स्टेनची किंमत पुन्हा नळी आणि स्प्रिंगची होईल, अस्सल थॉम्प्सनची थोडीफार तरी टिकेल कारण तिला इतिहास आहे. शिवाय विकायला वेळ लागतो, शेअरसारखं आज बटण दाबलं उद्या पैसे असं नाही. घरातले लागणारे पैसे यात घालू नयेत. भावाला खरंच त्या काळाची ओढ असेल, बाजूला पडलेले जास्तीचे पैसे असतील, तर नंबर न जुळणारी पण कागद स्वच्छ असलेली एम-वन-ए-वन घ्यावी, ती रेंजवर नेऊन चालवताही येते, वीस गोळ्यांचं मॅगझिन दोन सेकंदांत रिकामं होतं. नंबर जुळणारी घेतली तर चालवायला हात धजत नाही, माझ्या त्या म्हाताऱ्या संग्राहकाकडची एक गेली तीस वर्षं तिजोरीतून रेंजवर गेलेली नाही.