काकांचा बल्ब आणि हिरोशिमाची माझदा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना कळेल. मेलबर्नला येऊन तीन महिने झालेत, २०१५ ची माझदा ३ सेकंडहँड मिळते आहे, दोन लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक. पुण्याहून काका सांगतात, "माझदा म्हणजे बल्बची कंपनी, गुपचूप टोयोटा घ्या." ऑफिसातला एकजण म्हणतो ही नाव बदललेली फोर्ड आहे. आणि तुम्ही स्वतः कुठेतरी वाचलंत की माझदाची इंजिनं लाखभर किलोमीटरला बसतात.

गंमत अशी की तिन्ही गोष्टींत थोडं थोडं खरं आहे, आणि तिन्ही तुमच्या गाडीला लागू नाहीत. गेली अठरा वर्षं मी इथे गाड्यांच्या कामात आहे, हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. ज्यांना फक्त "घ्या की नको" हवंय त्यांच्यासाठी: गाडी नीट असेल तर घ्या. काय बघायचं ते शेवटी आहे.

काकांपासून सुरुवात करू. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं १९०९ पासून 'माझदा' नावानं बल्ब विकले. गाडीच्या कंपनीचा त्या बल्बशी काडीचाही संबंध नाही, फक्त दोघांनी नाव एकाच विहिरीतून उपसलं. ते म्हणजे पारशांचा अहुर मज्द, प्रकाशाचा आणि ज्ञानाचा देव. बल्बवाल्यांना प्रकाश हवा होता. हिरोशिमावाल्यांना आणखी एक सोय दिसली: कंपनी उभी करणाऱ्याचं आडनाव मात्सुदा. जपानीत आजही कंपनीचं नाव लिहितात ते वाचलं तर 'मात्सुदा' असंच वाचलं जातं. देवही राहिला आणि मालकही.

हा जूजिरो मात्सुदा कोळ्याच्या घरातला, लहानपणीच ओसाकाला जाऊन लोहारकाम शिकलेला. १९२० साली हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' सुरू झाली, म्हणजे चक्क बुचांचा कारखाना, आणि पुढच्याच वर्षी डबघाईला आलेला तो कारभार मात्सुदाच्या गळ्यात पडला. १९२५ मध्ये कारखान्याला आग लागली. मग बुचं मागे पडून यंत्रं आली, १९२७ मध्ये नावातलं 'कॉर्क' गळलं आणि १९३१ मध्ये पहिलं वाहन निघालं: पुढे मोटरसायकल, मागे माल ठेवायचा हौदा, तीन चाकं. आपल्याकडच्या जुन्या तीनचाकी टेंपोची जपानी थोरली बहीण म्हणा. पहिली चारचाकी मोटार, आर ३६०, यायला १९६० उजाडलं. म्हणजे टोयोटा आणि निसान मोटारी विकत होत्या तेव्हा ही मंडळी टेंपो विकत होती. हे लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या हट्टाचं मूळ इथे आहे.

मध्ये ६ ऑगस्ट १९४५ येतो. त्या दिवशी जूजिरोचा सत्तरावा वाढदिवस होता. सकाळी तो शहरात केस कापून घ्यायला गेला होता, आणि दुकानातून निघून गाडीनं कारखान्याकडे येत असताना बॉम्ब पडला. तो वाचला, त्याचा एक मुलगा गेला. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून साधारण पाच किलोमीटरवर, मध्ये हिजियामा नावाची छोटी टेकडी. त्या टेकडीच्या आडोशामुळे इमारती उभ्या राहिल्या. शहरच उरलं नव्हतं, त्यामुळे जिल्ह्याचं सरकारी कामकाज पुढे कित्येक महिने याच कारखान्याच्या जागेतून चाललं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनायला लागली. हिरोशिमाच्या राडारोड्यातून माल वाहणारी वाहनं हीच. त्या गावात माझदाबद्दल वाकडं बोलायची सोय नाही, ते याचसाठी. तिथला बेसबॉल संघ 'हिरोशिमा तोयो कार्प', त्यातलं 'तोयो' कंपनीचंच आणि मालकी मात्सुदा घराण्याची. मी २०१८ मध्ये तिथलं कंपनीचं संग्रहालय बघायला गेलो होतो, तर टॅक्सीवाल्यानं "माझदा" ऐकल्यावर भाडं विचारायच्या आधी कालच्या मॅचचा स्कोअर सांगितला.

आता ते "लाखभर किलोमीटरला बसणारं" इंजिन.

साठीच्या दशकात जपानी सरकारला वाटत होतं की मोटार कंपन्या फार झाल्या, छोट्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं. जूजिरोचा मुलगा त्सुनेजी तेव्हा अध्यक्ष. दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे असल्याशिवाय आपण उरणार नाही, हे त्याला दिसत होतं. १९६१ मध्ये त्यानं जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून व्हँकेल, म्हणजेच रोटरी, इंजिनाचा परवाना घेतला.

ज्यांनी हे इंजिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी: भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग घ्या, मध्ये किंचित दबलेली. तो झाला बाहेरचा डबा. आत फुगीर बाजूंचा त्रिकोण, वरून पाहिलेला ठासून भरलेला समोसा, हाच रोटर. हा समोसा त्या शेंगेत जात्याच्या पाळीसारखा पण थोडा लंगडत फिरतो. त्याची तिन्ही टोकं भिंतीला कायम घासत राहतात, त्यामुळे तीन कप्पे तयार होतात, आणि प्रत्येक कप्प्यात हवा-पेट्रोल ओढणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं हे सगळं होतं. वरखाली धडधडणारे पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. इंजिन इवलंसं, हलकं, आणि फिरतं ते सतारीच्या तारेसारखं.

अडचण त्या तीन टोकांची. तिथे बसवलेली सीलची पट्टी मुठीत मावेल एवढी, पण सगळा दाब तिच्यावर. सुरुवातीच्या इंजिनांत ती पट्टी थरथरायची आणि आतल्या भिंतीवर ओळीनं ओरखडे पाडायची. माझदाच्या इंजिनिअरांनी त्याला नाव दिलं 'सैतानाची नखं'. केनइची यामामोतो या इंजिनिअरच्या हाताखाली ४७ जणांची तुकडी होती. जपानच्या दंतकथेतल्या ४७ सामुराईंवरून त्यांनाही तेच नाव पडलं. पट्टी आतून आडवी-उभी पोखरून तिच्या थरथरण्याची लय बदलली तेव्हा ओरखडे थांबले. विक्रीच्या गाडीत मग कार्बन आणि ॲल्युमिनियमची पट्टी आली. संग्रहालयात ते ओरखडे पडलेलं आवरण काचेमागे ठेवलंय. दळायला घेतलेल्या पाट्यावर टाकी घालतात ना, अगदी तसं दिसतं. मी तिथे वीस मिनिटं उभा होतो, बायको पुढे निघून गेली.

३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी एनएसयूनं आपली रो ८० आणली. तिच्या सीलनं दगा दिला, वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनी मेटाकुटीला आली आणि १९६९ मध्ये ऑडीबरोबर एकत्र झाली. परवाना देणारा बुडाला, घेणारा तरला.

पण फार काळ नाही. या इंजिनाला पेट्रोल फार लागतं, कारण तो लांबट कप्पा नीट जळत नाही. सीलला वंगण म्हणून थोडं ऑइल मुद्दाम जाळावं लागतं, म्हणजे ते ऑइल 'खातं' हा बिघाड नव्हे, रचनाच तशी. १९७३ चं तेलसंकट आलं आणि अमेरिकी सरकारी चाचणीत माझदाचं शहरातलं ॲव्हरेज लिटरला पाच किलोमीटरही भरेना. गाड्या गोदामात साचल्या. सुमितोमो बँकेनं माणसं बसवून कंपनी वाचवली. कामगार काढण्याऐवजी हजारो जणांना आळीपाळीनं शोरूमवर पाठवलं, दारोदार गाड्या विकायला. कालपर्यंत नट आवळणारा माणूस आज बेल वाजवून "गाडी घेता का" विचारतोय. १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याच्या हातून अध्यक्षपद गेलं आणि १९७९ मध्ये फोर्डनं २५ टक्के हिस्सा घेतला.

तुमचे ऑफिसवाले मित्र इथून येतात. १९९६ मध्ये फोर्डचा हिस्सा ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले, जपानी मोटार कंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष. २००३ च्या पहिल्या माझदा ३ चा पाया फोर्ड फोकस आणि व्होल्वो एस४० बरोबर सामायिक होता. उलटही घडलं: भारतात आलेली पहिली फोर्ड एन्डेव्हर आठवते? आत माझदाचं डिझेल इंजिन होतं. पण २००८ च्या मंदीत फोर्डनं पैशासाठी हिस्सा विकायला काढला आणि २०१५ पर्यंत उरलासुरलाही विकला. तुमची २०१५ ची गाडी पायापासून छपरापर्यंत माझदाची. आता टोयोटाचा पाचेक टक्के हिस्सा आहे, तेव्हा काकांना सांगायचं तर तेही सांगता येईल.

मधल्या काळाची धावती नोंद: १९७८ ची आरएक्स-७, १९८९ ची एमएक्स-५ (दोन माणसांची उघडी गाडी, २०१६ मध्ये दहा लाखावी बनली, इतकी दुसरी कुठलीच दोनआसनी स्पोर्ट्स कार विकली गेलेली नाही), आणि जपानी अर्थव्यवस्था फुग्यासारखी फुगली होती त्या वर्षांत पाच-पाच नावांची शोरूम उघडून करून घेतलेलं हसं. पण १९९१ च्या ल मान्सला घाईनं पुढे नेता येत नाही. २४ तासांची शर्यत, चार रोटरचं ७८७बी, ५५ नंबर, नारिंगी-हिरवा रंग. नियमांत माझदाला ८३० किलो वजनाची मुभा मिळाली होती, मोठे स्पर्धक हजार किलोंचे. यावरून "फुकट जिंकले" म्हणणारे आहेत. वजन हलकं म्हणून इंजिन २४ तास टिकत नाही. शेवटच्या टप्प्यात पुढे असलेली मर्सिडीज तापून थांबली आणि माझदा ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. शेवटचं चालवणारा जॉनी हर्बर्ट उतरल्यावर अंगातलं पाणी संपून कोसळला, सत्काराला जाऊच शकला नाही. जपानी कंपनीचा ल मान्समधला हा पहिला विजय. टोयोटाला त्यानंतर २०१८ पर्यंत वाट बघावी लागली.

तर "माझदाचं इंजिन बसतं" हे रोटरीचं, आणि त्यातही २००३ ते २०१२ च्या आरएक्स-८ चं. तिथे ती प्रसिद्धी कमावलेली आहे. कॉम्प्रेशन (कप्प्यातला दाब) जातं, ठिणगी देणाऱ्या कॉइल जातात, थंड इंजिन चालू करून दोन मिनिटांत बंद केलं तर आत पेट्रोल साचून पुन्हा चालू होत नाही. हौस असेल तरच घ्यावी.

तुमच्या गाडीतलं इंजिन साधं चार सिलिंडरचं, स्कायॲक्टिव्ह मालिकेतलं. २०११-१२ मध्ये बाकीचे लहान इंजिन आणि टर्बो यांच्या मागे धावत होते. माझदाकडे पैसे कमी. त्यांनी साध्या पेट्रोल इंजिनाचंच कॉम्प्रेशन १३ ते १४ ला १ पर्यंत नेलं. एवढं दाबलं की पेट्रोल वेळेआधी पेटून ठोका बसतो. तो टाळायला एक्झॉस्टचे पाइप लांब करून चाराचे दोन, दोनाचा एक असे जोडले, म्हणजे जळलेला गरम धूर सिलिंडरात मागे राहत नाही. टर्बो नाही, टायमिंगला पट्टा नाही तर चेन, आणि बहुतेक जपानी कंपन्या सीव्हीटीकडे (ठरावीक गिअर नसलेल्या पट्ट्याच्या ऑटोमॅटिककडे) वळल्या तेव्हा यांनी साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक ठेवला. माझ्या मते गाडी टिकते ती या गिअरबॉक्समुळे. अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्सनं २०२० मध्ये विश्वासार्हतेत माझदाला पहिला नंबर दिला, टोयोटाच्या वर. आणि इथे ऑस्ट्रेलियात २०११ आणि २०१२ मध्ये सर्वांत जास्त खपलेली गाडी माझदा ३ होती, म्हणून सुटे भाग आणि ती ओळखणारा मेकॅनिक कुठेही मिळतो.

सगळं गोड नाही. पहिल्या पिढीच्या माझदा ३ ला चाकांच्या कमानीवर गंज लागायचा, विशेषतः बर्फाच्या देशांत जिथे रस्त्यावर मीठ टाकतात. २.२ डिझेलमध्ये कार्बन साचतो, शहरात थोडं-थोडं चालवणाऱ्यानं ते घेऊ नये. २०२१ मध्ये इथल्या फेडरल कोर्टानं माझदा ऑस्ट्रेलियाला ग्राहकांची त्यांच्या हक्कांबाबत दिशाभूल केल्याबद्दल दोषी ठरवलं. आणि २०२४ मध्ये जपानात प्रमाणपत्रांच्या चाचण्यांत गैरप्रकार निघाले, त्यात टोयोटा, होंडा, सुझुकीबरोबर माझदाही होती.

काकांसाठी एक राहिलं. पंजाबात १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची स्वराज माझदा त्यांनी नक्की पाहिली असणार, शाळेच्या बसच्या रूपात. ती हीच माझदा. नंतर त्या कंपनीच्या नावात माझदाच्या जागी इसुझू आलं आणि माझदा भारतातून दिसेनाशी झाली, मोटारी तर तिनं तिथे कधी विकल्याच नाहीत.

आता गाडी बघायला जाल तेव्हा: आरडब्ल्यूसी (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला) विकणाऱ्याकडून मागा, पीपीएसआर (गाडीवर कर्ज वगैरे आहे का ते दाखवणारा सरकारी उतारा) स्वतः काढा, रेगो (नोंदणी) किती महिने आहे ते पाहा. स्टार्ट-स्टॉपची (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या सोयीची) बॅटरी वेगळी आणि महाग असते, ती कधी बदलली विचारा. मधल्या स्क्रीनकडे दहा मिनिटं लक्ष ठेवा. त्या वर्षांच्या स्क्रीन कधी कधी कुणी हात न लावता स्वतःच बटणं दाबत सुटतात. आत रस्त्याचा आवाज जास्त येईल, तो दोष नाही, गाडी तशीच आहे. फ्रीवेवर नेऊन बघा, चालेल का ते ठरवा. आणि सकाळी लवकर, न कळवता अर्धा तास आधी जा. पोचल्या पोचल्या बोलत बोलत बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर मालकानं आधीच इंजिन गरम करून ठेवलंय. मग चहा घ्या, गप्पा मारा, आणि ते गार झाल्यावरच चावी फिरवा.