लेकीच्या हाती लाइट बिल द्या

ताई, मुलगी चौदाची झाली, आता तिला जबाबदारी कशी शिकवायची, असं विचारलंत. खोली आवरण्यापासून सुरुवात करू नका. खोली तिचीच, त्यात घराचं काही अडत नाही. ज्यावर घराचं काही अडतं असं एकच काम द्या. आमच्याकडे ते लाइट बिल होतं. महावितरणच्या बिलावर लवकर भरलं तर थोडी कमी रक्कम असते, मुदत टळली की जास्त. ते आकडे तिलाच वाचू द्या, मागच्या महिन्याच्या युनिटशी ताडून बघू द्या. पहिल्यांदा तारीख चुकेल. चुकू द्या, फक्त वरचे पैसे तिच्या खाऊच्या पैशांतून कापा. आणि 'भरलंस का गं?' हे रोज विचारायचं नाही, नाहीतर काम परत तुमच्याच गळ्यात. (आजीला मात्र आधीच सांगून ठेवा, ती गुपचूप पैसे देते.)

दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका देतात. खात्यात किती रक्कम ठेवता येईल, एटीएम कार्ड मिळेल का, ते बँकेत विचारा.

स्कूटीचा हट्ट होईलच. तिथे अजिबात ऐकू नका. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्लासला सायकल पुरते.