कॅम्पमध्ये डोळ्याचा फोटो काढला आणि काचबिंदूचा संशय आला, आता पुढे काय?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, नौपाड्यात आमच्या सोसायटीत मागच्या रविवारी डोळे तपासायचा कॅम्प होता, बाबा नको नको म्हणत होते तरी मी त्यांना खाली घेऊन गेले. वय 61, रोज तलावपाळीला चक्कर मारतात, चष्मा लावून पेपर अगदी व्यवस्थित वाचतात. तिथे मोबाईलला जोडलेल्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढले आणि रिपोर्टमध्ये कप-डिस्क रेशो उजव्या डोळ्यात 0.7, डाव्यात 0.4 आणि खाली 'ग्लॉकोमा सस्पेक्ट' असं आलं. डोळ्याचं प्रेशर मात्र 17, म्हणजे नॉर्मल म्हणाले. बाबा म्हणतात मला सगळं दिसतंय, मशीनचं काय ऐकायचं. नुसत्या फोटोवरून खरंच कळतं का?

उत्तर: संशय घेण्याइतपत नक्की कळतं, आणि तुम्ही त्यांना हट्टाने नेलंत ते फार बरं केलंत.

तो फोटो परत उघडून बघा. नारिंगी पडद्यावर एक पिवळसर गोल चकती दिसेल, तीच डिस्क, पडद्यावरचे दहा-बारा लाख बारीक तंतू तिथे गोळा होऊन नस बनते आणि मेंदूकडे जाते. चकतीच्या मधोमध फिकट पांढरा खळगा असतो तो कप, आणि भोवतीची गुलाबी कड म्हणजे जिवंत तंतू. काचबिंदूत हे तंतू मरत जातात, कड झिजते, खळगा रुंद होत जातो. 0.7 म्हणजे चकतीच्या उभ्या मापात सत्तर टक्के खळगाच. पण मला त्या आकड्यापेक्षा दोन डोळ्यांमधला फरक जास्त खटकतोय, कारण एकाच माणसाच्या दोन्ही डोळ्यांच्या नसा बहुतेक सारख्याच दिसतात, 0.2 च्या वर फरक गेला की आम्ही थांबून नीट बघतो, आणि इथे तर 0.3 आहे.

प्रेशर 17 आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. 10 ते 21 ला नॉर्मल म्हणतात हे खरं, पण प्रेशर दिवसभरात वरखाली होतं, कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक थर) पातळ असेल तर मशीनवर आकडा कमी येतो, आणि बऱ्याच जणांची नस नॉर्मल प्रेशरमध्येसुद्धा खराब होते.

आता बाबांचं 'सगळं दिसतंय'. बहुतेकांची आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते, त्यात एका डोळ्याला दिसलं नाही ते दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. माझी सख्खी मावशी पायाशी ठेवलेल्या पाटाला अडखळायची, उंबऱ्याला ठेचकाळायची, आणि घरात आम्ही सगळे म्हणायचो हिचं लक्षच नसतं. पेपर ती वाचत होती ना! दर दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर काढला जायचा पण मागचा पडदा कोणी बघितलाच नाही, आणि शेवटी बघितला तेव्हा एक डोळा जवळपास गेला होता. गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप्स, लेसर, ऑपरेशन सगळं उरलेली टिकवण्यासाठीच असतं. म्हणून मला हे फोटोचं एवढं लागून राहिलंय.

पण फोटो म्हणजे निकाल नाही. काहींची चकती जन्मतःच मोठी असते म्हणून खळगाही मोठा दिसतो, मायनस नंबर खूप असेल तर चकती तिरकी दिसते आणि सॉफ्टवेअर फसतं. त्यामुळे या महिन्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, ते प्रेशर परत बघतील, कॉर्नियाची जाडी मोजतील, ओसीटी नावाचा स्कॅन करतील (त्यात तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मिळते) आणि कडेची नजर तपासणारी फील्ड टेस्ट. फील्ड टेस्टला हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं, पहिल्या वेळी लोक दमतात, नजर हलते, रिपोर्ट बिघडतो, तर ती परत करायला सांगितली तर चिडू नका.

आणि कॅम्पचा फोटो डिलीट करू नका प्लीज! पुढच्या वर्षी नस तेवढीच आहे की झिजली हे त्याच्याशीच ताडून बघता येईल. मावशीचा जुना एक जरी फोटो असता तर झीज किती वेगाने होतेय ते तरी कळलं असतं.

प्रश्न: मी नेरुळला राहते, वय 39, चष्मा नाही. आईला काचबिंदू आहे म्हणून मी पडद्याचा फोटो काढून घेतला, तो नॉर्मल आलाय. एवढं पुरे ना?

उत्तर: नाही हो, पुरे नाही. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांना असेल तर आपला धोका बराच वाढतो. शिवाय डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) जिथून बाहेर पडतं आणि जिथे अडलं की प्रेशर चढतं, तो कोन अरुंद आहे का ते पडद्याच्या फोटोत दिसतच नाही, त्यासाठी डॉक्टर डोळ्यावर एक खास लेन्स टेकवून बघतात, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. ती एकदा करून घ्या, मग वर्षातून एकदा पूर्ण तपासणी. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टिरॉइड चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यानेही प्रेशर चढतं. येताना आईची फाईल आणा, आणि स्कूटर घरीच ठेवा, बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घातले की चार-पाच तास धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो.