ओरखडे आधीच दिसत होते, मग भाव नंतर कसा पाडला?

प्रश्न : माझी २०१७ ची पेट्रोल गाडी नाशिकमध्ये जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एका कंपनीला दिली. मागच्या डाव्या दारावर सोसायटीच्या गेटला घासल्याचे ओरखडे होते, मागच्या बंपरला पोचा होता. कंपनीचा माणूस घरी येऊन तासभर गाडी तपासून गेला, फोटो काढले आणि ३ लाख ४० हजार रुपये ठरले. १० हजार टोकन खात्यात आलं. मी गाडी, दोन्ही किल्ल्या, आरसी आणि सह्या केलेले फॉर्म दिले. चौथ्या दिवशी फोन आला, 'बॉडीचं काम जास्त निघालं, ३ लाख २ हजारच मिळतील. ॲपवर ओटीपी टाकून मान्य करा, नाहीतर पार्किंग आणि तपासणीचा खर्च भरून गाडी परत न्या.' त्या दारावर दोन वर्षांपूर्वी रंगकाम केलं होतं, ते मी आपणहून सांगितलं नव्हतं. ही माझ्याकडून फसवणूक ठरेल का? मुलगा म्हणतो, पोलिसांत जा. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, तो ओटीपी देऊ नका. भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ नुसार ज्याचं येणं आहे त्याने कमी रक्कम स्वीकारून बाकीची सोडून दिली, तर ती कायमची सुटते, आणि त्यासाठी वेगळा मोबदलाही लागत नाही. ॲपवरची तुमची मान्यता उद्या याच कलमाखाली तुमच्यासमोर ठेवली जाईल. त्यांनी न विचारता काही रक्कम खात्यात टाकली, तर त्याच दिवशी ईमेल करा : 'ही रक्कम ठरलेल्या किमतीपैकी अंशतः मिळाली, उरलेल्या रकमेवरचा माझा हक्क राखून ठेवत आहे.'

कमी केलेल्या ३८ हजारांकडे नंतर वळू. तुमच्या पत्रात मला जास्त काळजीची वाटली ती आरसी. ती अजून तुमच्याच नावावर आहे आणि गाडी कोण चालवतंय हे तुम्हाला माहीत नाही. मोटार वाहन कायद्यात आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. तिथे गाडी २००७ मध्ये विकली गेली, पुढे हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला. तरीही नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली, कारण नाव बदललं नव्हतं. अपघातात माणूस गमावलेल्या कुटुंबाने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे शोध घेत फिरावं, अशी कायद्याची अपेक्षा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मला ते योग्यच वाटतं. पण तुमच्यासारख्या विक्रेत्यासाठी त्याचा अर्थ असा की नाव बदलेपर्यंत चलनच काय, अपघाताचं समन्ससुद्धा तुमच्याच दारात येऊ शकतं.

यावर कायद्यात एक चांगली तरतूद आली आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अशा अधिकृत डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी दोघांनी मिळून परिवहन पोर्टलवर भरायचा असतो. तो भरला की पुढच्या ग्राहकाच्या नावावर गाडी होईपर्यंत डीलर 'मानीव मालक' ठरतो आणि गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. शिवाय डीलरने अशी गाडी फक्त ट्रायल, दाखवणं, दुरुस्ती, रंगकाम अशा ठरावीक कारणांसाठीच बाहेर काढायची आणि त्या फेऱ्यांची नोंद ठेवायची असते. तुम्ही २९सी भरला का, हे आजच तपासा. भरला नसेल तर कंपनीकडून अधिकृतता प्रमाणपत्राचा क्रमांक लेखी मागा आणि २९सी लगेच पूर्ण करायला सांगा.

कंपनीने टाळाटाळ केली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे हस्तांतरणाची खबर तुम्ही स्वतः द्यायची. त्यासाठी फॉर्म २९ असतो आणि मुदत विक्रीपासून १४ दिवसांची. त्याची पोच घ्या आणि एक प्रत कंपनीला पाठवा. नुसत्या खबरीने आरसीवरचं नाव बदलत नाही, त्यासाठी घेणाऱ्याने फॉर्म ३० द्यावा लागतो. पण तुम्ही वेळेत कळवलं होतं याचा पुरावा हाती राहतो. तुम्ही दिलेल्या फॉर्मांवर घेणाऱ्याच्या नावाची ओळ कोरी होती का, तेही आठवून पाहा. कोऱ्या ओळीवर सही करून दिलेला फॉर्म कुणाच्याही नावाने भरता येतो. ओळ कोरी असेल, तर गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कुणाच्या ताब्यात दिली, हे लिहिलेला ईमेल कंपनीला आजच पाठवा. ताबा पावती मिळाली असेल तर सोबत जोडा.

आता किंमत. कंपनीच्या माणसाने ओरखडे पाहिले, फोटो काढले, ते अहवालात टाकले आणि ते धरूनच ३ लाख ४० हजारांचा आकडा दिला. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हव्या होत्या अशा दोषांबद्दल विक्रेत्यावर कोणतीही गर्भित हमी, म्हणजे न बोलता गृहीत धरलेली हमी, राहत नाही. हा कायदा सहसा खरेदीदाराला सावध करण्यासाठी सांगितला जातो, पण इथे खरेदीदार म्हणजे रोज गाड्या पारखणारी कंपनी आहे. डोळ्यांना दिसणारा ओरखडा तिने पाहिला नाही, असं तिला म्हणता येणार नाही. डेंटिंग-पेंटिंगला किती खर्च येईल, हा अंदाज बांधणं हाच तिचा धंदा. तो अंदाज चुकला तर तोटा तिचा.

मग असा भाव गाडी नेल्यावरच का पाडला जातो? गाडी तुमच्या दारात असती, तर पैसे मिळेपर्यंत ती अडवून ठेवायचा हक्क तुम्हाला होता. ताबा दिला की तो हक्क संपतो. खरं तर वस्तू विक्री कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल, तर माल आणि पैसा यांची देवघेव एकाच वेळी व्हायला हवी. ज्यांची गाडी अजून दारात आहे त्यांना माझं सांगणं एवढंच की पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय किल्ली देऊ नका, समोरचा माणूस कितीही घाई करो.

तुमच्यापुरता आता किमतीचा दावा उरतो, पण तो भक्कम आहे. फक्त कंपनीच्या अटी नीट वाचा. 'पुनर्तपासणीनंतर अंतिम किंमत' असं कलम बहुतेक वेळा असतं. त्यात न दिसलेले किंवा लपवलेले दोष असं म्हटलं असेल, तर अहवालात फोटोसह नोंदलेले ओरखडे त्यात बसत नाहीत. 'कोणत्याही कारणाने' असं मोघम लिहिलं असेल, तर वाद थोडा अवघड होतो, पण एकाच बाजूच्या मर्जीवर किंमत सोडणारं असं कलम न्यायालय सहज उचलून धरेल असं मला वाटत नाही. पार्किंग आणि तपासणीचा खर्चही अटीत लिहिलेला नसेल, तर मागता येत नाही.

रंगकामाबद्दल. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं करार कायद्याचं कलम १७ सांगतं. बोलणं कर्तव्यच असेल अशा परिस्थितीचा अपवाद आहे. कलम १९ पुढे म्हणतं की साधी काळजी घेऊन समोरच्याला खरं कळू शकत असेल, तर अशा मौनावर बोट ठेवून तो करार मोडू शकत नाही. गाडी तपासणाऱ्याच्या हातात रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर असतं. कारखान्यातल्या रंगाचा आकडा साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, पुट्टी भरून रंगवलेल्या पत्र्यावर तो कितीतरी चढतो. ते मीटर दाराला लावलं की रंगकाम तिथल्या तिथे कळतं. मात्र एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगा. ॲपवर गाडीची माहिती भरताना 'कोणत्याही भागावर रंगकाम झालं आहे का?' असा प्रश्न होता का, आणि तुम्ही 'नाही' म्हटलंत का? तसं असेल तर ते मौन नाही, चुकीचं विधान आहे. मग त्या एका दाराच्या खर्चापुरती वजावट मागायला कंपनीला जागा मिळते. तरीही ३८ हजारांना नाही, कारण बंपरचा पोचा आणि ओरखडे आधीच हिशेबात धरलेले होते.

मुलाला सांगा, पोलीस ठाण्यात बहुधा 'दिवाणी स्वरूपाचा वाद' असंच उत्तर मिळेल. कंपनीने फोन बंद केले, कार्यालयाला टाळं लागलं किंवा तुमच्या कोऱ्या सह्यांचा गैरवापर झाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा थांबू नका.

आधी वकिलामार्फत नोटीस द्या आणि ती ईमेल व स्पीड पोस्ट दोन्हींनी पाठवा : १५ दिवसांत उरलेले ३ लाख ३० हजार द्या, २९सी पूर्ण करा. नोटिशीनंतरही पैसे आले नाहीत, तर लेखी कराराच्या आधारे ठरावीक रकमेसाठी दिवाणी न्यायालयात संक्षिप्त दावा, म्हणजे झटपट प्रक्रियेचा दावा, लावता येतो. मुदत तीन वर्षांची. ग्राहक आयोगाचा विचार दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. तुम्ही इथे विक्रेते आहात आणि ग्राहक कायदा मुळात खरेदी करणाऱ्याचा किंवा सेवा घेणाऱ्याचा. कंपनीने आरसी हस्तांतरणाचं किंवा सेवेचं शुल्क तुमच्याकडून कापलं असेल, तर त्या सेवेपुरते तुम्ही ग्राहक आहात असं मांडता येईल. पैसे देतानाचा हिशेब लेखी मागा, त्यात हे शुल्क दिसेल.

ॲपवरचा तपासणी अहवाल, फोटो आणि किमतीची स्क्रीन आजच डाउनलोड करून ठेवा. व्यवहार रद्द केला की कंपनी तुमचं खातं बंद करू शकते. न्यायालयात हे देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून तो मोबाइल सध्या बदलू किंवा विकू नका. फास्टॅग बंद करा. विम्याच्या कंपनीला विक्री कळवताना नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्र मागायला विसरू नका. तो बोनस गाडीचा नसून तुमचा आहे आणि तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला लावता येतो.